ग्लोव्हज नवशिक्यांसाठी असतात

२ मार्च
संकल्प: यंदा लेसर पूर्ण ताकदीने मीच चालवून दाखवणार. बायकोने माझ्या अंगठ्यावरच्या आडव्या वणाकडे बघत विचारलं, सुरी चालवली होती तसाच का. दुर्लक्ष केलं.

लॅबमध्ये धाकटीला (वयाने सगळ्यांत लहान, म्हणून धाकटी) तत्त्व समजावलं. प्रकाशाची इवलीशी पल्स, म्हणजे क्षणाचा झोत, तशीच वाढवली तर क्रिस्टल जळतं. म्हणून आधी ताणायची, मग वाढवायची, शेवटी ग्रेटिंगवर पाठवून परत दाबायची. ती म्हणाली, हो दादा, माझ्या थीसिसचं पहिलं प्रकरण हेच आहे. चला, तिची उजळणी झाली.

५ मार्च
ग्रेटिंगवर कुसळ दिसलं. ग्रेटिंग म्हणजे सोन्याचा मुलामा दिलेली काच, वर केसाहून बारीक रेघा. शेजारी बोर्ड: हात लावू नये. बोर्ड नवशिक्यांसाठी असतात, ग्लोव्हजही. अंगठा अलगद टेकवून कुसळ उचललं. कोणाला सांगितलं नाही. मिरवायचा स्वभाव नाही आपला.

६ मार्च
पल्स नीट दाबलीच जात नाहीये. ताकद कुठे जाते देव जाणे. धाकटीचं एकच रीडिंग राहिलंय. ते मिळालं की थीसिस, मग नोकरी. नोकरीवाले महिनाअखेरपर्यंतच थांबणार. सरांनी मला विचारलं, काय बिघडलंय. मी म्हटलं, आरशांचं अलाइनमेंट धाकटीने केलंय. खोटं काय त्यात? तिनेच केलंय.

९ मार्च
ती दिवसभर आरसे हलवत बसली, जेवलीसुद्धा नाही. मी मार्गदर्शन केलं. सर तिला सगळ्यांसमोर नको नको ते बोलले. मी तेव्हा वाकून बुटाची नाडी बांधत होतो.

माझ्या बुटांना नाडी नाही, हे घरी आल्यावर लक्षात आलं.

१० मार्च
झोप लागत नाही. गादी बदलायला हवी. संकल्प: सरांना सगळं सांगून टाकायचं. पण सर मीटिंगमध्ये.

११ मार्च
सर मोकळे होते. मूडही छान होता. उगाच कशाला बिघडवा.

१३ मार्च
सरांनी ग्रेटिंग काढून टॉर्च तिरका धरला. अख्खा अंगठा उमटलेला, मधोमध आडवी रेघ. पुसायची सोय नाही, पुसलं की रेघाही जातात. नवीन यायला अर्धं वर्ष.

सरांनी चहाचा कप माझ्यापुढे धरला. मी सवयीने घेतला. सगळे कपाकडे बघताहेत असं आधी वाटलं.

धाकटी म्हणाली, दादा, त्याच दिवशी सांगितलं असतंत तर दुसऱ्या लॅबमध्ये वेळ मागितला असता मी. आवाज चढवला नाही तिने. चढवला असता तर बरं झालं असतं. मान वर करायची लाज वाटत होती.

१६ मार्च
नोकरीवाल्यांनी थांबायला नकार दिला. तिने मला सांगितलं नाही, सरांना सांगताना ऐकलं.

मला आता लेसरच्या टेबलाजवळ यायची परवानगी नाही. दाराशी खुर्ची दिली आहे. सकाळी आल्या आल्या ग्लोव्हज घातले आणि दिवसभर काढले नाहीत. अंगठा दिसू नये म्हणून.