चाळीस मिनिटांत आर्क्टिक

१८ जानेवारी, रविवार
बंगळुरूत येलहंक्याच्या मराठी मंडळात माझं व्याख्यान ठरलं. ८ फेब्रुवारी, चाळीस मिनिटं. विषय: सोळाव्या शतकात चीनचा रस्ता शोधत आर्क्टिकला पोचलेले इंग्रज आणि तिथल्या इन्युइट लोकांशी त्यांची भेट. बायको, मैत्रेयी, म्हणाली, लोक मिसळीसाठी येतात. म्हटलं, ऐकूनही जातील. उद्यापासून पाचला उठून वाचन.

१९ जानेवारी
८.४० ला उठलो. झोप पूर्ण झाल्याने एकाग्रता उत्तम. बेळ्ळंदूरच्या ट्रॅफिकमध्ये कॅबमध्ये वाचायचं ठरवलं. ड्रायव्हरने ऑफिसपाशी उठवलं.

२४ जानेवारी
शिडांच्या दोरांवर अकरा स्लाइड्स. इन्युइट शेवटी घेऊ, सस्पेन्स राहील. मंडळाच्या सेक्रेटरी शिवलीला अक्कांचा फोन. मूळच्या निपाणीच्या, रिटायर्ड शिक्षिका. म्हणाल्या, किनाऱ्यावरच्या माणसांचंही सांगा की स्वल्प. म्हटलं, त्यांनी काही लिहून ठेवलेलं नाही. म्हणाल्या, मग तुम्ही वाचताय ते पुस्तक द्या, मी बघते. दिलं. जाड आहे, वाचणार नाहीत.

१ फेब्रुवारी
स्लाइड्स ६३. मैत्रेयीसमोर तालीम. म्हणाली, पस्तीस मिनिटं झाली, जहाज अजून लंडनलाच आहे. तिला संशोधनाची सवय नाही. त्या दिवशी भरभर बोलेन.

८ फेब्रुवारी, रविवार
व्याख्यान उत्तम. चाळिसाव्या मिनिटाला जहाज टेम्सच्या मुखाशी पोचलं. अध्यक्षांची चिठ्ठी आली: पुरे. अक्का उठल्या, म्हणाल्या, पुढचं मी सांगते.

दहा मिनिटं बोलल्या. एकही स्लाइड नाही. इंग्रजांनी एक पुरुष, एक बाई आणि तिचं तान्हं बाळ पकडून ब्रिस्टलला आणलं. पुरुषाने आपली कातड्याची होडी नदीत चालवून दाखवली, लोक काठावर जमले. थोड्याच दिवसांत तो गेला, मग बाई, मग बाळ.

तांत्रिक बाजू शून्य. तरी हॉलमध्ये कुणी हललं नाही. पहिल्या रांगेतल्या रत्नाबाई डोळे पुसत होत्या. वय झालंय.

येताना हेब्बाळच्या सिग्नलला मैत्रेयी म्हणाली, त्या बाळाचं नाव काय होतं? लगेच सांगितलं: नुताक. बाईचं अर्नाक. ती म्हणाली, मिसळीच्या वेळी अक्का सांगत होत्या, ती नावं नसावीत बहुतेक. त्यांच्या भाषेत अर्नाक म्हणजे बाई. नुताक म्हणजे मूल. इंग्रजांनी तेच नाव म्हणून लिहून घेतलं.

सिग्नल सुटला तरी गाडी हलेना. मागचे हॉर्न वाजवत होते.

क्लच दाखवून घ्यायला हवा.