सपाट बशी

रविवार, संध्याकाळ

किळस आली आज. भावाच्या नव्या घराला फादर आशीर्वाद देऊन गेले आणि वहिनीने ते सोनेरी काठाचे परदेशी कप काढले. बशी अगदी सपाट, ताटलीसारखी. अर्नाळ्याच्या मामांनी सवयीने चहा बशीत ओतला, तो सगळा टेबलक्लॉथवर. वहिनीने त्यांच्या हातातून कप काढूनच घेतला. "मामांना स्टीलचा पेला द्या गं कुणीतरी!"

मामा म्हणाले, "आमाला पेलाच बरा, बाय." सगळे हसले. मीही.

असली कसली बशी, जिच्यात चहा ओतता येत नाही? तिथे का नाही बोलले मी? घरी मीही बशीतूनच पिते. लहानपणी फुंकर घालून प्यायला मामांनीच शिकवलं. आणि आज दोन बोटांत कप धरून कढत चहा तसाच प्याले. जीभ अजून हुळहुळतेय.