पुलावरचा कोहळा

राजमान्य राजेश्री हरिहरराव यांचे सेवेसी, म्हैसूरहून नागोजीराव जाधवाचा रामराम. आपले गुडघे आणि रजनीवहिनींचे यंदाचे लोणचे, दोन्ही ठीक असावीत. इकडे सर्व कुशल, फक्त तोंड दाखवायला जागा नाही.

रविवारी आपण पाने मांडून बसलात आणि आम्ही आलोच नाही. आमची काव्या आणि आपला निनाद (दोघे इथे म्हैसूरजवळ हूटगळ्ळीत एकाच कंपनीत) एकमेकांना पसंत. अडचण होती ती आपल्या खाडीची. पाण्यापलीकडे मुलगी द्यायची नाही, हा आमच्या पणजोबांपासूनचा रिवाज. (पणजोबा महाराजांचे घोडेस्वार. घोड्याला पोहता येई, त्यांना नाही.) पण खाडीवर नवा पूल झाला आणि माझा विरोध संपला. आमच्या मंडळींचा, म्हणजे वनजाचा, पुलाच्या मध्यावर सुरू झाला.

काय पूल आहे हो! दोन उंच खांब, त्यांवरून ताणलेल्या तारा, खाली भरती. मी हरखून बघतोय तोच वनजा ओरडली, "अय्यो, बेडा री! पुढं नको! दोऱ्यांवर टांगलाय की हो! दृष्ट काढल्याबिगर गाडी हलवायची नाही." आता म्हैसुरात दसऱ्याला सायकलचीसुद्धा कोहळा फोडून दृष्ट काढतात, आणि काव्या-निनादची दृष्ट काढायला आणलेला कोहळा डिकीत होताच. तिने त्यात कुंकू भरले, पुलाला ओवाळले आणि तो रस्त्यावर आपटला. तो लाल चिखल पाहून मागच्या बसवाल्याने अपघाताचा फोन केला. रुग्णवाहिका आली, पोलीस आले, दोन्हीकडे वाहने तुंबली. (जखमी कुठे, असे विचारल्यावर वनजाने कोहळ्याकडे बोट दाखवले.) पोलिसांनी आमच्याकडून रस्ता धुऊन घेतला आणि गाडी आल्या वाटेने वळवून दिली.

परतताना काव्या खिडकीकडे तोंड करून रडत होती. हरिहरराव, मला त्या वेळी पणजोबांचा फार राग आला. तेवढ्यात वनजा म्हणाली, "एवढ्या लॉऱ्या उभ्या राहिल्या, तरी पडला नाही. कोहळ्यानं धरला बघा. द्यायची पोरगी." पूल बांधणाऱ्यांचे श्रेय कोहळ्याला गेले, पण जाऊ द्या. तरी आमच्या येडेपणापायी सोयरीक मोडू नये, ही हात जोडून विनंती.

आपला (व्याही होऊ इच्छिणारा),
नागोजीराव

ता. क. पलीकडे गर्दीत स्कूटरवरचे एक टकले गृहस्थ श्रीखंडाचा डबा हलवत माझ्यावर ओरडत होते. मीही त्यांना कन्नडमध्ये चार शब्द सुनावले. काव्या आता सांगते, ते आपणच. ते शब्द आशीर्वादाचे समजावेत, आणि निनादला अर्थ विचारू नये.

आणखी ता. क. वरात पुलावरूनच न्यायची, असे वनजाचे ठरले आहे. मोठा कोहळा मिळाला. पोलिसांना आपण आधी सांगून ठेवा; झाडू आम्ही दोन आणतो, एक आपल्यासाठी.