नवी बोट घेणाऱ्या मेव्हण्यास नांगराविषयी थोडंसं

प्रिय मेव्हणेबुवांस,

सप्रेम नमस्कार. तू आता बोटमालक होणार, तेव्हा तुला अहो-जाहो करावं असं ठरवून बसलो होतो, पण पहिल्याच ओळीत जीभ (म्हणजे पेन) अडखळली, म्हणून आपलं नेहमीचंच चालू ठेवतो. तुझी कंबर कशी आहे? बोट बघायला गेलास आणि धक्क्यावरच्या फळीवरून उतरताना लचक भरली, असं तुझ्या ताईने सांगितलं. जप. बोटीवर सगळ्यात जास्त वापरात येणारी वस्तू म्हणजे कंबर, आणि ती कुठल्याच दुकानात मिळत नाही. तुझ्या बायकोच्या परीक्षा कशा गेल्या? (या वयात पुन्हा कॉलेज, मानलं तिला.) कुत्र्याचा कान बरा झाला का? आम्ही दोघं ठणठणीत आहोत. हे पत्र आमच्या बोटीतल्या टेबलावर लिहितो आहे. खाली पाणी झोपेत पुटपुटल्यासारखं बोलतंय आणि छतावर त्याचा उजेड हलतोय. त्यामुळे मध्येच विषयाचं बोट सुटलं तर समजून घे.

शिडाच्या बोटीवर काय काय सामान घ्यावं, असं तू विचारलंस. मी जन्मभर चष्मे विकले. गिऱ्हाईक दुकानात आलं की त्याला काय दिसत नाही हे विचारण्याआधीच ते आरशासमोर उभं राहून फ्रेम लावून बघायचं. मी त्यांना मनातल्या मनात हसायचो. बोटीच्या सामानाच्या दुकानात गेलो आणि मीही तेच केलं. पितळी दिवा घेतला, पितळी घड्याळ घेतलं, सुकाणूच्या चाकाला कातडी वेष्टण घेतलं, छोटा फ्रिज घेतला. नांगर मात्र बोटीबरोबर आला होता तोच ठेवला. नांगराला कोण आरशात बघतो? तर तुला पहिला सल्ला हा की नांगर ही झोपेची वस्तू आहे. गादी कितीही मऊ घे, बोटीवर झोप लागते ती नांगराच्या भरवशावर. तुझ्या बोटीच्या लांबीला जो नांगर पुरेसा म्हणतात, त्याच्या वरच्या मापाचा घे. दुकानदार हसेल, हसू दे. आणि साखळी भरपूर घे. नांगर टाकायचा म्हणजे विहिरीत बादली सोडायची, तळ लागला की झालं, अशी माझी समजूत होती. ती साफ चूक. पाण्याच्या खोलीच्या निदान पाचपट साखळी सोडायची, वारा असेल तर त्याहून जास्त, म्हणजे ती तळाशी आडवी पसरते आणि नांगर रुतून बसतो. मग इंजिनाने हळूच मागे ओढून तो धरतो का ते बघायचं. माझी साखळी मुळातच आखूड होती, आणि मागे ओढून बघायचं मला कधी सुचलं नाही.

नांगर सरकतोय की नाही हे ओळखायला किनाऱ्यावरच्या दोन वस्तू एका रेषेत धरून ठेवतात. त्या एकमेकींपासून वेगळ्या दिसू लागल्या की समजायचं, आपण हललो. युक्ती फार चांगली आहे. मी पहिल्या दिवशी पुढे एक विजेचा खांब आणि मागे एक पांढरा खडक धरला. थोड्या वेळाने बघतो तर खडक खांबाच्या डावीकडे! मी ओरडलो, ताई हातातलं शिवण टाकून वर आली, आम्ही धापा टाकत साखळी ओढायला लागलो, आसपासच्या बोटींवरची माणसं कपबशा हातात घेऊन उभी राहिली. तेवढ्यात खडकाने शेपटी हलवली. ती घोडी होती. (चष्मेवाल्याला घोडी आणि खडक यांतला फरक दिसू नये, यावर ताई काही बोलली नाही. ते न बोलणं मला अजून ऐकू येतंय.)

म्हणून दुसऱ्या दिवशी त्याच खांबामागे पक्की दगडी खोली धरली आणि जेवण करून वरच, गुंडाळलेल्या शिडाच्या सावलीत आडवा झालो. काय सांगू तुला ती दुपार! बोट पाळण्यासारखी हलत होती, डोलकाठीवर दोरी टक्-टक् वाजत होती, आणि मला वाटत होतं की मी दुकानातच आहे, पण सगळ्या काचांच्या जागी पाणी भरलंय. मध्ये एकदा डोळा उघडला तेव्हा खोली खांबापासून बरीच लांब गेलेली दिसली. ती पण चरायला निघाली असेल, असं काहीसं मनाशी म्हणालो आणि कूस बदलली.

जाग आली तेव्हा जग पुसून टाकलेलं होतं. मी चष्मा काढून पुसला. पुन्हा घातला, पुन्हा पुसला. मग कळलं की धुकं आहे. किनारा नाही, बाकीच्या बोटी नाहीत, डोलकाठीचं टोकसुद्धा नाही. ओहोटीचं पाणी आम्हाला आवाज न करता घेऊन चाललं होतं आणि नांगर खाली, नुसता फिरायला निघाल्यासारखा, घसटत येत होता. मी इंजिनाची कळ दाबली. टक्. पुन्हा टक्. फ्रिज, पंखा आणि तो पितळी दिवा यांनी मिळून बॅटरी पिऊन टाकली होती. (इंजिनाची बॅटरी वेगळी ठेव, तिच्यावर दुसरं काही म्हणजे काही जोडू नकोस.) धुक्यात आवाज देत राहावं लागतं, नाहीतर दुसरी बोट अंगावर येते, म्हणून भोंगा शोधला, तर त्यातला गॅस संपलेला. तो कसा संपला? रोज संध्याकाळी धक्क्यावर उभा राहून ताईला चहाला हाक मारायला मी तोच वाजवायचो.

ताईने पातेलं आणि पळी आणली. पण त्याआधी मला लाइफ जॅकेट घालायला लावलं. तिच्या अंगात होतं, माझं डोक्याखाली होतं. जॅकेट अंगात नसेल तर ती नुसती महागडी उशी, हे लक्षात ठेव. मग ती पातेलं वाजवू लागली. आधी नुसतं बडवणं होतं, हळूहळू त्याला ठेका आला, आणि ती गुणगुणायला लागली. लग्नाच्या सुरुवातीला शिवणयंत्र चालवताना गुणगुणायची, तेच. इतक्या वर्षांत मी ते ऐकलं नव्हतं, किंवा दुकानाच्या गडबडीत ऐकायचं राहिलं होतं. मी पाण्याची खोली मोजायची दोरी सोडत होतो. (खाली शिशाचा गोळा, वर ठरावीक अंतरावर ताईने शिवलेल्या रंगीत चिंध्या, हे यंत्र बॅटरीवर चालत नाही.) निळी चिंधी भिजली, मग पिवळीपर्यंतच, मग फक्त लाल. तळ वर येत होता. आणि समोरून आवाज आला, कुणी प्रचंड माणूस सावकाश घोट घेतोय तसा. खडकावर फुटणारं पाणी.

दुसरा नांगर होता, पण आमच्या बिछान्याखाली. त्याच्यावर रंगाचे डबे, डब्यांवर घडीची सायकल. (दुसरा नांगर हात पोचेल तिथे ठेव. सायकल घेऊच नकोस.) तो उपसून वर आणेपर्यंत घोटांचा आवाज अगदी कानाशी आला. मी सगळा जोर लावून नांगर भिरकावला. फेक सुंदर होती. मागोमाग दोर सुळसुळत जाऊ लागला, आणि तेव्हा मला दिसलं की त्याचं दुसरं टोक कशालाच बांधलेलं नाही. मी नुसता बघत राहिलो. ताईने पातेलं टाकलं, दोर पकडला, लोखंडी खुंट्याला एक वेढा, दुसरा वेढा, आणि पाठ टेकून बसली. दोर ताणला, कुरकुरला. बोटीने हळूच तोंड फिरवलं आणि थांबली.

"धरलं वाटतं," ती म्हणाली.

तिचे तळवे सोलवटले होते. मी ते माझ्या हातात घेऊन बसलो. पुढे कितीतरी वेळ आम्ही तसेच त्या पांढऱ्या, आवाज नसलेल्या पोकळीत होतो, आणि खरं सांगतो, भीती कुठल्या कुठे गेली होती. घर, दुकान, मी, सगळ्यांच्या कडा विरघळल्यासारख्या झाल्या होत्या. मग धुकं वरून विरू लागलं. आधी डोलकाठीचं टोक दिसलं, मग आपल्या हॉलपासून स्वयंपाकघर असावं इतक्या अंतरावर काळे खडक, आणि त्यांवर पंख वाळत घातलेले पाणकावळे. ते आमच्याकडे शेजाऱ्यांसारखे बघत होते. जमिनीकडून वारा सुटला तसे आम्ही दोन्ही नांगर ओढून घेतले, लहानसं शीड चढवलं आणि गुपचूप निघून आलो.

तर असं आहे. मोठा नांगर, लांब साखळी, वेगळी बॅटरी, अंगातलं जॅकेट, आणि दोराचं टोक बांधलेलं. बाकी पितळ आवडीप्रमाणे. लोभ आहे तो तसाच राहू दे.

तुझा,
चष्मेवाला भावोजी

ता. क. वर सासूबाईंना नमस्कार लिहायचा राहिला, तो मुद्दामच, कारण पत्राचं खरं कारण त्याच आहेत. धुकं अजून होतं तेव्हा ताईने विचारलं, "आपण घरी परत जायलाच हवं का?" विचार करायच्या आत मी "नाही" म्हणालो. आम्ही घर भाड्याने देतोय आणि बोटीवरच राहणार आहोत. हे तुझ्या आईला तू सांगायचंस. मी जावई माणूस, त्यांच्यासमोर माझं तोंड फक्त जेवायला उघडतं. दुपारच्या जेवणानंतर सांग. डॉक्टरांनी मला हवापालट सांगितलाय म्हण. त्या रडल्या तर फोन कर. नाही रडल्या तर लगेच कर. आणि वरचं सगळं त्यांना वाचून दाखवू नकोस.

ता. क. २ (हे मी, ताई). अरे, तुझे भावोजी पत्र लिहायला बसले तेव्हाच मी आईला फोन करून सगळं सांगितलं, खडकांसकट. ती रडली नाही. म्हणाली, "तिसरा पलंग आहे का?" तर रविवारी तिला घेऊन ये. तिच्या मापाचं जॅकेट आणून ठेवलंय. यांना यातलं काही माहीत नाही. पाकीट मीच चिकटवते आहे.