आवे मारिया पोचली

पेणकरपाडा, मीरा रोड
१४ ऑक्टोबर २०२५

प्रिय पप्पा,

नमस्कार. तब्येत बरी असेल. आमचं ठीक चाललंय. माझा फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून बेट्टीमावशीच्या हाती ही चिठ्ठी देतेय. प्रीतमशी लग्न केल्याबद्दल माफी मागायला लिहिलेली नाही, घाबरू नका.

गेल्या गुरुवारी वादळाचा इशारा आला, तेव्हा मच्छीमार सोसायटीच्या कंप्युटरवर तुमची 'आवे मारिया' बोट लाल दिसत होती. तो प्रोग्राम माझा. बोट किनाऱ्याला लागली की ती चालवणारा तांडेल सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकतो. ते मेसेज वाचून पोचलेली बोट हिरवी करायची, एवढंच त्याचं काम. सोसायटीतल्या स्टीवनकाकांनी तो माझ्याकडून करून घेतला आणि तुम्हाला सांगितलं नाही. त्यांच्यावर रागावू नका.

पायथॉनमध्ये यासाठी मॅच आणि सर्च अशी दोन फंक्शनं आहेत. आपण सांगितलेला नमुना मॅच फक्त मजकुराच्या सुरुवातीला बघतं. तिथे नसेल तर पुढे जातच नाही. सर्च सगळा मजकूर धुंडाळतं. मी मॅच वापरलं, कारण सगळे बोटीचं नाव आधी लिहितात. तुम्ही सोडून. तुमचा मेसेज होता, 'देवाचे आभार. आवे मारिया पोचली.' आधी देवाला सांगायचं, मग माणसांना, हा तुमचा नियम. तुमच्या घरात वाढून मलाच तो आठवू नये.

ग्रुपवर ढीगभर मेसेज, ते कोण वाचत बसणार? काकांनी लाल रंग बघून मला फोन लावला. "जेसिका, तुझ्या बापाची बोट न्हाय आली गो अजून."

मी रिक्षा करून थेट उत्तनच्या धक्क्यावर आले. तुम्ही जाळं झाडत होता आणि कुणावर तरी ओरडत होता. तुम्हाला बघून इतकं बरं वाटलं. बर्फाच्या टेम्पोमागे बसून रडले. हाक मारली तर तुम्ही मान फिरवाल, या भीतीनं तशीच परत फिरले.

आता मॅच काढून सर्च घातलंय. चार वेळा तपासलंय. तुमचा मेसेज यापुढे सुटणार नाही.

पप्पा बोलले नाहीत तरी माझं चालतं, असं मी सगळ्यांना सांगत आलेय. नाही चालत. रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाली की आम्ही दोघं घरी येतोय. दार नाही उघडलंत तर ओट्यावर बसू. प्रीतमला तशी कल्पना दिलीय.

तुमच्याइतकीच हट्टी,
जेसिका