हिरवी अक्षरं

हिंगणी,
ता. ५ ऑक्टोबर २०२५

चि. गोपाल यास रूपरावदादाचे अ. उ. आ. वि. वि.

दसऱ्याला तीन दिवस झाले. तुझे नऊ फोन आले आणि मी एकही उचलला नाही. फोनवर माणूस अर्धं बोलतो आणि अर्धं गिळतो. मला गिळायचं नाही, म्हणून लिहितो.

त्या दिवशी आपल्या अंगणात जे झालं त्यात माझी चूक नाही. पूजा झाली, तुझ्या नव्या गाडीच्या चाकांखाली लिंबं ठेवली, आणि तूच म्हणालास की दादा, तुम्ही थोरले, लिंबांवरून गाडी तुम्हीच न्या. मी बसलो. तू सांगितलंस तसा ब्रेकवर पाय ठेवून बटण दाबलं, तो गोल खटका फिरवला. काही नाही! घरघर नाही, थरथर नाही. अडून बसलेल्या गाडीला उठवायला मी सत्तावीस वर्षं जे करत आलो तेच केलं, पाय दाबला. आणि तुझी इलेक्ट्रिक गाडी वाघाची चाहूल लागलेल्या रोह्यासारखी उधळली आणि पुढे उभ्या असलेल्या माझ्या जीपवर जाऊन आदळली. लिंबं फुटली, तुझ्या गाडीचं नाक फुटलं. जीपच्या लोखंडी बंपरवर साधा ओरखडा नाही, हे सहज सांगतो.

आता मी विचारतो, आणि भर सभेत विचारायची माझी तयारी आहे. जी गाडी जागी झाल्याचं सांगत नाही, तिच्यावर माणसाने विसंबावं कसं? इंजिन पेटलं की गल्लीतली कोंबडीसुद्धा बाजूला होते. आवाज हा यंत्राचा प्रामाणिकपणा आहे! ज्यांना आज मुकी यंत्रं आवडतात, त्यांना उद्या मुकी माणसं आवडू लागतील. तू मोठ्या कौतुकाने बॉनेट उघडून दाखवलंस, तर आत एक रिकामा खोका, आणि त्यात काजलने भाजीची पिशवी ठेवलेली. इंजिनाच्या जागी वांगी!

दुसरं. पूजेच्या रांगेत जीप पहिली, हा आपल्या घरचा रिवाज. याच जीपने तुला नागपूरच्या होस्टेलात सोडलं, याच जीपने काजलला या घरात आणलं. यंदा पहिला हार रांगेतल्या दुसऱ्या गाडीला गेला. कोणी घातला ते लिहीत नाही. तू पाहिलंस.

मला हेवा वगैरे काही नाही. हे मुद्दाम वेगळं लिहितो.

काजलला आशीर्वाद. राग असला तरी लोभ आहे, हे समजून असावं.

रूपराव

*

नालवाडी,
ता. ८ ऑक्टोबर

ती. दादांस गोपालचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. काजलने ते मोठ्याने वाचून दाखवलं, आणि हेवा नाही या ओळीपाशी तिने चहा सांडला. वांग्यांबद्दल ती म्हणते, की तिथे इंजिन असतं तर वांगी हिंगणीला पोचेपर्यंत भाजून निघाली असती.

दादा, गाडी सांगते, पण कानाला नाही, डोळ्याला. स्टिअरिंगमागच्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत ‘रेडी’ उमटतं. ते दिसलं की ती जागी. मीही पहिल्याच आठवड्यात फसलो. सेवाग्रामला दवाखान्यात ड्युटीवर आलो आणि तिला चालूच सोडून उतरलो. तिने पीं पीं करून सगळ्या पार्किंगसमोर मला परत बोलावलं. आता सवय झाली आहे. पाय उचलला की ती आपोआप मंदावते आणि त्या मंदावण्यातून थोडी वीज बॅटरीत परत जाते, त्यामुळे ब्रेक क्वचितच लागतो. अजून किती किलोमीटर जाईल हेही दाखवते, मात्र एसी लावला की तो आकडा लगेच खाली येतो. मी एसी बंद करतो, काजल लावते. घरात सध्या एवढंच भांडण आहे.

नाकाचा भाग बदलावा लागेल, तोवर चिकटपट्टी लावली आहे. विम्याच्या अर्जात अपघाताचं कारण लिहायचं आहे. गाडी सुरू झाल्याचं चालकाच्या लक्षात आलं नाही, असं लिहू ना? ती जागा मी कोरी ठेवली आहे. तुम्ही सांगाल तेच लिहीन.

दिवाळीचं मात्र अवघड दिसतं. दसऱ्याला ओट्यावरच्या प्लगला लावली तेव्हा चार्जरवर लाल दिवा आला होता. तुमच्या घराला अर्थिंग नाही, आणि त्याशिवाय ती वीज घेत नाही. चार दिवस राहायचं तर चार्जिंग हवंच. पण खरं सांगू? हे कारण अर्धंच आहे. मोटारसायकलवरही येता येतं. जो दादा फोन उचलत नाही, त्याच्या अंगणात उतरायचं कसं? जन्मापासून माझी एकही दिवाळी हिंगणीबाहेर गेलेली नाही.

वहिनींना नमस्कार. आजवर केलीत तशीच माया यापुढेही करावी.

गोपाल

*

हिंगणी,
ता. १३ ऑक्टोबर

गोपालभाऊजींले नलूवहिनीचा आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र तुमच्या दादाले माहीत नाई, अन माहीत करू पण नका.

तुमचं पत्र आल्यापासून हे बोलूनच नाई राह्यले. मी म्हटलं ताप आला का काय. सकाळी उठले की जीप धुऊन राह्यले. जीप का पोळ्याचा बैल हाय? अन तुम्ही गाडीचं जे पुस्तक इथं विसरून गेले, ते पोथीसारखं वाचून राह्यले. मी आली की उशीखाली.

परवा कवडू वायरमनले बोलावलं अन घराच्या बाजूनं कंबरभर खड्डा खोदला. मी विचारलं, काऊन? तर म्हणे घराले अर्थिंग पायजे, तुले मिक्सरचा करंट लागते. पंधरा वर्षांपासून लागून राह्यला, तेव्हा नाई सुचलं! तांब्याची पट्टी पुरली, कोळसा अन मीठ टाकलं. आता रोज एक बादली पाणी टाकून राह्यले, कलम लावल्यावानी. कोणासाठी ते विचारलं तर मिक्सरसाठी म्हणते.

आता माझी चूक सांगते. दसऱ्याच्या सकाळी तुम्ही मले बोर धरणापर्यंत फिरवून आणलं. अंगणात उतरली अन सगळ्यांसमोर बोलून गेली, का बाई, आज पहिल्यांदा गाडीतून उतरली अन कंबर नाई दुखली. हार हातातच होता, तो तिलेच घातला. वर पाह्यलं तर हे ओट्यावर उभे. सत्तावीस वर्षं त्या जीपमधी बसून राह्यली, पण कंबर दुखते म्हणून कधी सांगितलं नाई. सांगणार कधी? यांचं भाषण संपलं तर ना!

तुमच्या गाडीचा हेवा नाई जी त्यायले. मी तिच्यातून हसत उतरली, त्याचा हाय.

दिवाळीले येजा. काजलले म्हणा, अनारसे मी करते, तिनं नुसतं यावं.

तुमची वहिनी

*

हिंगणी,
ता. १६ ऑक्टोबर

चि. गोपाल यास अ. उ. आ. वि. वि.

अर्जात ते कारण लिहू नकोस. ते खोटं आहे.

हिरवी अक्षरं मी पाहिली होती. नुसती पाहिली नाहीत, वाचली. गाडी जागी आहे हे मला ठाऊक होतं. पाय दाबताना मनात काय होतं ते चौदा दिवस शोधतो आहे. तिला आपटायचं नव्हतं, हे शपथेवर सांगतो. पण तिला हळू न्यायचं होतं, असं शपथेवर सांगता येत नाही. सगळे जिच्या गुळगुळीत चालीचं कौतुक करत होते, तिने एकदा सगळ्यांसमोर हिसका द्यावा, एवढं मला हवं होतं.

हेवा माणसाला आंधळा करतो, असं मी कितीतरी व्यासपीठांवरून टाळ्या घेत सांगितलं आहे. चुकीचं सांगितलं. मला सगळं स्वच्छ दिसत होतं.

आणखी एक. आवाज हा यंत्राचा प्रामाणिकपणा, हे वाक्य मी परत घेतो. त्या आवाजात, आणि माझ्याही आवाजात, शेजारी बसलेल्या बाईचं दुखणं मला सत्तावीस वर्षं ऐकू आलं नाही. ते मी भर अंगणात ऐकलं, आणि तेही दुसऱ्याच्या गाडीचं कौतुक म्हणून. नलूला मी अजून काही बोललो नाही. एवढी भाषणं केली, पण त्याला कशी सुरुवात करावी ते सुचत नाही.

हेवा गेला, असं समजू नकोस. आजही आहे. नलू तुझ्या गाडीत बसणार हे मला अजून खुपतं. म्हणून माझी एक अट आहे. दिवाळीत मला ती गाडी नीट शिकव. पुस्तक वाचून झालं आहे. नलूला बोर धरणाला मी नेणार. तिने पुढे बसायचं, तू मागे. आणि गप्प.

अर्जात लिही, चालकाने पाहिलं आणि तरीही दाबलं. विमावाल्यांनी नकार दिला तर नाक मी नवं करून देईन.

कवडूने मीटर लावून पाहिलं, अर्थिंग उत्तम आहे. मोठा प्लग ओट्याच्या खांबावर बसवला. फक्त तुझ्या चार्जरची वायर रांगेतल्या दुसऱ्या जागेपर्यंत पोचत नाही, मी दोरीने मोजून पाहिलं. म्हणून काल जीप मागे गोठ्याजवळ नेली.

पहिली जागा मोकळी आहे. हे पत्र कवडूच्या हातीच पाठवतो, उद्या वसुबारसेलाच ये. फोन कर, उचलतो.

तुझा,
दादा