ते ब्याऐंशी मार्क

बाई,

परवा लातूरला माझा पेपर आहे आणि मला लई भीती वाटतेय. तुम्हाला जाऊन सहा वर्षं झाली, तरी सांगायला तुम्हीच आठवता, कारण गणिताच्या तासाला भ्यालेलं माझं तोंड तुमच्याइतकं कुणी पाहिलेलं नाही. पेपर एमबीएच्या प्रवेशाचा. बी.कॉम. झाल्यापासून मी भूमशेजारच्या वाशीला झेरॉक्सच्या दुकानात बसते. नंबर लागला तर पुण्याला जायचं, नाही लागला तर भूमच्या पाहुण्यांना होकार द्यायचा, असं आप्पांशी बोलणं झालंय. पाहुणे वाईट नाहीत. पण मला शिकायचंय, बाई.

क्लास लावायची ऐपत नव्हती, म्हणून फुकट मिळेल ते शोधत बसले. मोबाईलवरच्या ग्रुपांत पीडीएफचा नुसता ढीग. निम्म्या लिंक उघडतच नाहीत, कुठं पहिला धडा फुकट आणि दुसऱ्याला पैसे भरा. शेवटी कुणीतरी सरावाचं अख्खं पुस्तक पानापानाचे फोटो काढून टाकलेलं सापडलं, तेव्हा घबाड मिळाल्यागत झालं. मालकानं रद्दी कागदांच्या पाठीवर छापू दिलं. छापल्यावर बघते तर त्या कुणीतरी बरोबर उत्तरांपुढं पेनानं टिकमार्क करून ठेवलेले.

तेव्हाच मला आपल्या शाळेचा व्हरांडा आठवायला हवा होता. वार्षिक परीक्षा झाली की ईट गावच्या त्या व्हरांड्यात तुम्ही आम्हाला पुस्तकं अन् खोडरबर घेऊन बसवायचात. पुस्तकं खालच्या वर्गाला जाणार, म्हणून पेन्सिलीनं लिहिलेलं एकूण एक उत्तर खोडायचं. तुम्ही खुर्चीत बसून पान न् पान तपासताय आणि आमच्या मांड्यांवर रबराचा भुसा पडतोय. मी एकदा घाईत चार पानं तशीच सोडली.

"हे कुणासाठी ठेवलंस गं?"

"असू द्या की बाई, पुढच्या पोरीला सोपं जाईल."

"सोपं? अगं भवाने, तिनं डोकं कधी चालवायचं मग? खोड आधी."

सगळे हसले. मला रडू आलं, पण खोडत बसले.

आणि आता मी काय केलं? टिकमार्कावर हात ठेवून गणितं सोडवायला लागले. हात पोचायच्या आधी डोळा तिथं जाऊन यायचा. शंभरात ब्याऐंशी पडले. मनाला म्हटलं, जमतंय की. आप्पांना सांगितलं. आप्पांनी लगेच पाहुण्यांना फोन लावला, "पोरीला ब्याऐंशी पडायलेत, निकालापर्यंत थांबा की," आणि सोनारीला जाऊन भैरवनाथापुढं नारळ फोडून आले.

काल दुपारी मालक जेवायला गेले होते, तेव्हा परीक्षेच्याच वेबसाईटच्या एका कोपऱ्यात सरावाचे दोन पेपर सापडले. फुकट, अगदी कोरे, आणि वर घड्याळ उलटं पळतंय. पहिला उघडला. दहाव्या प्रश्नाशीच अडकून बसले. वेळ संपल्यावर शंभरात एक्केचाळीस. पुढ्यात एक गिऱ्हाईक आधार कार्ड घेऊन उभं होतं, त्याला मी दोन्ही बाजूंनी कोरा कागद काढून दिला. तो ओरडला तेव्हा भानावर आले.

आज सकाळी आप्पा चहा पीत होते, तिथं उभी राहून सांगून टाकलं. वाटलं, आता घर डोक्यावर घेतील. त्यांनी बशी खाली ठेवली.

"एक्केचाळीस? मग ते ब्याऐंशी कुणाचे व्हते?"

रागानं नाही, त्यांना खरंच कळत नव्हतं.

"पाहुण्यांना काय सांगू आता?"

"थांबा म्हणा, आप्पा."

"व्हय," म्हणाले, पण फोनला काही हात लावला नाही.

तेव्हापासून मला दहावीतली कंपासपेटी आठवतेय. भूमितीचं ते उदाहरण वर्गात कुणालाच सुटेना, मी सोडवलं, आणि तुम्ही मला फळ्यापाशी उभं करून म्हणालात, "बघा, हिनं स्वतःच्या डोक्यानं केलंय." नवी कोरी पेटी दिलीत. परवा लातूरला तीच सोबत न्यायची होती, शकुन म्हणून. आत्ताही पुढ्यातच आहे.

बाई, दहावीच्या त्या भूमितीच्या पुस्तकातलं उत्तर आधीच्या पोरीनं खोडलं होतं, पण तिनं पेन्सिल दाबून लिहिलेलं. पान खिडकीपाशी तिरपं धरलं की कागदावरचे वळ दिसायचे. मी तिरपं धरलं होतं. नंतर तुम्ही तीन वर्षं होतात, कितींदा रस्त्यात भेटलात, माझी जीभ उचलली नाही. नापास होण्याचं भ्या आहेच, पण त्याहून मोठं भ्या हे की माझं माझं किती आहे, ते मलाच ठाऊक नाही. सध्या एक्केचाळीस आहेत.

मालक आत्ता जेवायला उठलेत. दुसरा पेपर उघडते. कंपासपेटी मात्र घरीच ठेवून जाईन.